पांढरी किटली, सहाव्यांदा

माझ्या खोलीत एक कॅनव्हास गेले अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून उभा आहे. सोळा बाय वीस इंचांचा. त्यावर इनॅमलची एक पांढरी किटली आहे. झाकण हरवलेली, तोटीच्या मुळाशी टवका उडून आतलं काळं लोखंड दिसणारी. बूड गळायला लागलं तशी ती कामातून गेली आणि मी तिच्यात कुंचले ठेवायला लागले. तिचं चित्र मी आता सहाव्यांदा करते आहे. त्यातल्या तीन किटल्या याच एका कॅनव्हासवर आहेत, एकीखाली एक. पाहणाऱ्याला वरची तेवढी दिसेल. मला तिन्ही दिसतात. गेल्या नऊ वर्षांत काय केलंस, असं कुणी विचारलं तर मी बहुधा हाच कॅनव्हास पुढे करीन.

तैलरंगांकडे मी तिशी उलटल्यावर आले. त्याआधी पेन्सिल होती, जलरंग होते. जलरंग मला अजूनही आवडतात, पण मला गोष्टी उशिरा कळतात. मी विचार करेपर्यंत कागदावरचं पाणी सुकून गेलेलं असायचं. तैलरंग आणले त्या रात्री मी चित्र वगैरे काही काढलं नाही, एका फळीवर नुसते रंग फासून पाहिले. सकाळी उठून बोट लावलं, तर रंग ओला. जिथे सोडला होता तिथेच होता, आणि ढकलला तर सरकत होता. ‘बस जरा, घाई नाही’ असं कुणी म्हणावं तसं मला झालं. मी या माध्यमात राहिले ती त्या सकाळमुळे. एखाद्या थोर चित्रासमोर उभी राहून भारावले वगैरे, ते सगळं नंतरचं.

असं का होतं हे पुढे वाचून कळलं, आणि कळल्यावर ते आणखीच आवडलं. जलरंगातलं पाणी उडून जातं म्हणून तो वाळतो. तैलरंगात, पातळ करायला घातलेलं टर्पेंटाइन सोडलं, तर काहीच उडून जात नाही. रंगाच्या भुकटीला धरून ठेवणारं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि हळूहळू एक चिवट पापुद्रा तयार होतो. वाळताना चित्राचं वजन सुरुवातीला वाढतं, कारण ते हवा पीत असतं. प्रत्येक रंगाची गती पुन्हा वेगळी. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात मुळातच मँगेनीज असतं, ते तेलाला घाई करायला लावतं, त्यामुळे पातळ लावलेला अंबर एकदोन दिवसांत हाताला लागेनासा होतो. टायटॅनियम व्हाइट, आयव्हरी ब्लॅक, अलिझरिन क्रिमसन हे मात्र रेंगाळणारे. एकाच चित्रात एक कोपरा वाळलेला आणि दुसरा ओला असतो, आणि काम करणाऱ्याला ते बोटांच्या टोकांना माहीत असावं लागतं. (हेच तेल जिवावरही उठू शकतं. तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर ऑक्सिजन ओढताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि त्या आपोआप पेट घेतात. मी त्या पाणी घातलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकते. नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाला रंगांच्या आधी हे सांगायला हवं.)

पहिली किटली रंगवली तेव्हा मी होत्या तेवढ्या सगळ्या ट्यूबा उघडल्या होत्या. अंगाला पांढरा, सावलीला काळा मिसळलेला पांढरा, मागे निळा. तिसऱ्या दिवशी सगळ्याचा चिखल झाला. मी ज्यांच्याकडे शिकायला जात होते ते सर बराच वेळ बघत उभे राहिले.

“किटली पांढरी आहे हे तुला माहीत आहे, म्हणून तू ती पांढरी रंगवलीस,” ते म्हणाले. “पण दिसते आहे का पांढरी? नीट बघ. किती ठिकाणी?”

मी डोळे किलकिले करून पाहिलं. खिडकीकडच्या खांद्यावर, नखाएवढ्या जागेत, ती पांढरी होती. बाकी सगळी किटली राखाडी होती. आणि हे राखाडीही एक नव्हतं. खिडकीकडून थंड निळसर, टेबलाच्या लाकडाकडून ऊबदार तपकिरी, आणि बुडाशी, जिथे सावली संपते असं वाटतं तिथे, टेबलावरून परतलेल्या उजेडाची एक मंद पट्टी.

सरांनी पॅलेट नाइफ, रंग मिसळायची बोथट सुरी, माझ्या हातात दिली. “खरवड,” म्हणाले. “कॅनव्हास टाकू नकोस.”

खरवडताना रडू येत होतं, हे खरं आहे. पण रंग निघाल्यावर जे उरलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कापडाच्या विणीत रुतून बसलेली एक पुसट किटली, धुक्यातून दिसावी तशी. सगळे फटकारे गेले होते आणि आकार तेवढा राहिला होता. मी तीन दिवस खपून जे केलं त्यापेक्षा ती पुसट किटली खरी होती.

पुढे चित्रांबद्दल वाचायला, पाहायला लागले तेव्हा माझी नजर आपोआप अशा जागांवर जायला लागली, जिथे चित्रकाराने काहीतरी काढून टाकलंय, बदललंय, खाजवलंय. डच चित्रकार रेम्ब्राँटचं विशीतलं एक स्वतःचं चित्र आहे, 1628 च्या सुमाराचं. चेहरा जवळजवळ पूर्ण सावलीत, आणि कपाळावरचे कुरळे केस काढायला त्याने कुंचल्याचं मागचं लाकडी टोक ओल्या रंगात ओढलं आहे. म्हणजे ते केस रंग लावून झालेले नाहीत, रंग काढून झालेले आहेत. व्हेलास्केझने केलेलं स्पेनच्या राजाचं, चौथ्या फिलिपचं अश्वारूढ चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यातल्या घोड्याच्या मागच्या पायांशी नीट पाहिलं की आणखी पाय दिसतात, आधी काढलेले आणि नंतर झाकलेले. तैलरंगाचे थर वयानुसार थोडे पारदर्शक होत जातात, आणि तीनशे-चारशे वर्षांनी खालचा निर्णय वर डोकावतो. याला इटालियन शब्द आहे पेंटिमेंटो, मूळ अर्थ पश्चात्ताप. मला त्यात पश्चात्ताप दिसत नाही. व्हेलास्केझसारख्या माणसालाही घोड्याचा पाय कुठे टेकतो हे पहिल्या वेळी सापडलं नव्हतं, यात मला सोबत दिसते.

प्रेरणा म्हणजे काय, असं विचारतात तेव्हा मला अशाच जागा आठवतात. अमुक चित्रकार माझं दैवत, असं म्हणणं मला जमत नाही. मला चित्रकारांकडून मिळाली ती त्यांनी सोडवलेली लहान लहान कोडी. पांढऱ्याचंच घ्या. अमृता शेरगिल पॅरिसमध्ये शिकल्या, 1934 च्या शेवटी भारतात परतल्या, 1936 मध्ये त्यांनी अजिंठा पाहिला आणि दक्षिणेचा प्रवास केला. त्यानंतर 1937 मध्ये केलेलं ‘ब्रह्मचारी’ हे त्यांचं चित्र मी कितीतरी वेळा उघडून पाहिलं असेल. सावळी उघडी अंगं आणि त्यांच्या कमरेची पांढरी वस्त्रं. ते पांढरे जवळजवळ सपाट आहेत, तरी एक दुसऱ्यासारखा नाही. अजिंठ्यातली एकही आकृती त्यांनी उचललेली नाही. उचललं ते रंगाच्या सलग तुकड्यांचं वजन, एकमेकांशेजारी बसण्याची त्यांची रीत. प्रभाव घ्यायचा तर इतका पचवून घ्यावा, हे मला त्या चित्राने दाखवलं, जरी ते अंगी यायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

दुसरी किटली मी फक्त बर्न्ट अंबर आणि पांढऱ्यात केली, लहान फळीवर. सरांची अट होती: वर्षभर रंग नाही, फक्त उजेड-अंधार. त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ते कंटाळवाणं होतं आणि त्याच्याशिवाय मी काहीच शिकले नसते.

नंतर चार ट्यूबा मिळाल्या: यलो ओकर, कॅडमियम रेड, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न यांच्या नावाने हे पॅलेट ओळखलं जातं. ते लाल म्हणून व्हर्मिलियन वापरायचे, आता त्याजागी कॅडमियम घेतात. यात निळा नाही. पण काळ्यात पांढरा मिसळून तो ओकरच्या शेजारी ठेवला की डोळा त्याला निळा म्हणायला लागतो. काळा आणि ओकर मिळून हिरवा होतो, शेवाळी, गंभीर. रंग म्हणजे ट्यूबवरचं नाव नव्हे, शेजाऱ्याशी असलेलं नातं, हे मी ऐकलेलं होतं. निळ्याशिवाय निळी सावली रंगवली त्या दिवशी ते हाताला कळलं.

तिसरी किटली फुटली. म्हणजे चित्र फुटलं. मला मागची भिंत खोल, चमकदार काळी हवी होती, म्हणून मी आयव्हरी ब्लॅकमध्ये सढळ हाताने तेल घातलं. चार दिवसांनी वरून कोरडा दिसला, तशी त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या अंबरचा थर दिला. वरचा थर झटकन वाळून घट्ट झाला, खालचा अजून हलत होता. काही महिन्यांत भिंतीवर आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. ‘फॅट ओव्हर लीन’ हा नियम प्रत्येक पुस्तकात असतो. खालचे थर कमी तेलाचे, वर जाल तसं तेल वाढवत न्यायचं. मला तो पाठ होता, पण तो पाळला नाही तर काय होतं हे भेगा मोजताना समजलं. ते चित्र मी ठेवलं आहे. कॅनव्हास ताणताना, त्याला अस्तर म्हणजे रंगाखालचा पांढरा लेप देताना, अजून त्याच्याकडे एकदा बघते.

त्याच सुमारास मी ट्यूबवरचा बारीक मजकूर वाचायला शिकले. ट्यूबवरचं नाव काहीही असो, आत काय आहे ते रंगद्रव्याचा क्रमांक सांगतो. पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरिन निळा, पीडब्ल्यू 6 म्हणजे टायटॅनियमचा पांढरा. नावाच्या शेवटी ‘ह्यू’ असेल तर मूळ द्रव्याऐवजी दुसऱ्या द्रव्यांनी तो रंग साधला आहे असं समजायचं. हे तपशील रुक्ष वाटतात, पण व्हॅन गॉगच्या, फ्रान्समधल्या आर्ल गावातल्या खोलीच्या चित्राचं काय झालं ते माहीत झाल्यावर मला ते रुक्ष वाटेनासे झाले. 1888 साली त्याने आपली झोपायची खोली रंगवली आणि पत्रात लिहिलं की भिंती फिकट जांभळ्या आहेत. आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला लाल उजेडाने उडून गेला. पिवळा पलंग आणि जांभळी भिंत असे समोरासमोरचे रंग ठेवून त्याला विसावा रंगवायचा होता. आपण पाहतो ती खोली त्याने रंगवलेली खोली नाही. सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवून दहा वर्षांत इतकं काम केलेल्या माणसाच्या बाबतीत हे व्हावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

चौथी किटली या कॅनव्हासवरची दुसरी. तोवर मला जॉर्जो मोरांडी भेटले होते, चित्रांमधून. मोरांडी (1890–1964) इटलीतल्या बोलोन्यात बहिणींसोबत राहायचे. त्यांची झोपायची खोली हाच त्यांचा स्टुडिओ होता आणि त्याच त्या बाटल्या, बरण्या, डबे मांडून ते आयुष्यभर चित्रं करत राहिले. बाटल्यांची चमक जावी म्हणून काही बाटल्यांना त्यांनी रंग फासला होता, त्यांच्यावर धूळ साचू देत. दोन बाटल्यांमधल्या फटीला त्यांच्याकडे बाटलीइतकीच किंमत आहे. मी दोन वर्षं त्यांच्या तावडीत होते. माझी किटली त्यांच्या बाटल्यांसारखी मऊ, भुरकट, कडा थरथरणारी व्हायला लागली. सगळ्यांना आवडली. माझ्या वाट्याला तोवर आलेलं सगळ्यात जास्त कौतुक या किटलीला मिळालं.

मला मात्र तिच्यासमोर उभं राहवेना. एके दुपारी खरी किटली चित्राशेजारी ठेवली आणि लक्षात आलं, की टवका कुठेच नव्हता. तोटीच्या मुळाशी, पांढऱ्या गुळगुळीत अंगावर, ती काळी, धारदार, गंजाची कड असलेली जागा मी विरघळवून टाकली होती, कारण मोरांडींच्या जगात ती बसत नव्हती. माझ्या टेबलावर होती ती वस्तू मी पाहणं सोडून दिलं होतं. मी वाळलेला थर पॉलिश पेपरने घासला आणि तो कॅनव्हास बाजूला ठेवला. मोरांडींवरचं प्रेम कमी झालं नाही. पण त्यांच्याकडून घ्यायचं होतं ते तीच वस्तू पुन्हा पुन्हा बघण्याचं बळ, आणि मी घेतलं होतं त्यांचं धुकं.

राजा रविवर्मांच्या चरित्रातला एक प्रसंग मला या संदर्भात नेहमी आठवतो. त्रावणकोरच्या दरबारात 1868 च्या सुमारास थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय चित्रकार आले होते. तैलरंगाचं तंत्र ते तरुण रविवर्मांना शिकवायला तयार नव्हते, फक्त काम करताना पाहू देत. रविवर्मा पाहत राहिले आणि नंतर एकट्याने चुकत चुकत शिकले. न शिकवण्याचं मी समर्थन करत नाही, विद्या हातची राखू नये. पण नुसतं पाहायला मिळालेल्या माणसाला मधल्या पायऱ्या स्वतः शोधाव्या लागतात, आणि त्या शोधताना त्याचा हात त्याचा होत जातो. आज चित्र पूर्ण होताना दहा मिनिटांत पळवून दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. मी ते पाहते, त्यातून शिकतेही. माझी तक्रार एवढीच, की त्यांत वाट पाहणं कापून टाकलेलं असतं. दोन थरांमधले आठ दिवस, चित्र उलटं करून ठेवलेले महिने, चहूबाजूंनी बिघडत चाललेलं काम सोडून निघून जायची संध्याकाळ, हे काहीच तिथे दिसत नाही. नवीन मुलांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावत, उचलत, पुन्हा लावत. त्यांच्या चित्रांत किटली नाही, झाड नाही, माणूस नाही. ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. माझा मार्ग त्यांचा नाही, मला वस्तू लागते. तरी त्यांच्या एका मूळ चित्रासमोर मी उभी राहिले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की खालून येणारा उजेड म्हणजे काय. छापील प्रतिमेत सपाट पिवळा दिसणारा भाग समोर असताना कितीतरी खोल होता. वरचा रंग उचलला गेलाय, खालचा श्वास घेतोय, आणि त्याच्याही खाली कुठेतरी पांढरं अस्तर उजेड परत पाठवतंय. तैलरंगाचं सगळं तत्त्व त्यात आलं. उजेड थरांमधून आत जातो, तळाला लागतो आणि रंगून बाहेर येतो. मूळ चित्रं पाहायची संधी सोडू नये, यासाठी मी कुणाशीही वाद घालीन.

पाचवी किटली वेगळ्या कॅनव्हासवर केली, टवक्यासकट. ती एका समूह प्रदर्शनात लागली. त्याआधी तीनदा माझी कामं परत आली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक वयस्कर बाई चित्रापुढे थांबल्या. त्यांनी रंगांबद्दल काही विचारलं नाही. “पडली होती का हो?” एवढंच म्हणाल्या, टवक्याकडे बोट दाखवून. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. त्या प्रश्नाने मला जे दिलं ते मी अजून जपून वापरते आहे. त्यांच्यासाठी तो रंगाचा फटकारा नव्हता. किटली पडली होती.

आणि आता ही सहावी, त्या घासून ठेवलेल्या जुन्या कॅनव्हासवर. खाली पहिली पुसट किटली आहे, तिच्यावर मोरांडींची भुरकट किटली आहे, आणि दोघींच्या फुगीर रेषा वरच्या पातळ राखाडीतून कुठे कुठे जाणवतात. उजव्या बाजूला जुन्या जाड रंगाचा एक उंचवटा राहिला आहे. तिरप्या उजेडात तो दिसतो. मी तो घासला नाही.

चित्र भिंतीकडे वळवून ठेवायची कल्पना माझी नाही. सोळाव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार टिशन, त्याचं अखेरचं चित्र ज्याने पुरं केलं त्या पाल्मा या चित्रकाराने सांगितलेली आठवण आहे, की टिशन कॅनव्हास महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून ठेवायचा आणि मग जणू तो आपला शत्रू आहे अशा नजरेने तपासायचा, दोष शोधायचा. शेवटी शेवटी कुंचल्यापेक्षा बोटांनीच जास्त रंगवायचा. फक्त एक अडचण आहे: जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. त्यावरही जुना उपाय आहे. रुबेन्सने 1629 मध्ये एका मित्राला पाठवलेल्या चित्राबद्दल लिहिलं होतं, पेटीत बंद राहून रंग पिवळे पडले असतील तर ते उन्हात ठेव.

आज सकाळी मी कॅनव्हास वळवला आणि खिडकीपाशी आणला. अकरा दिवस न पाहिल्यामुळे तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा समोर आला. टेबलाची अंबरची सावली कडक वाळली आहे, तिथे आता काही करता येणार नाही, आणि करायचंही नाही. टवका बरोबर आहे. पण तोटी. तोटी किटलीतून निघत नाही, तिला बाहेरून चिकटवली आहे. तिचं मूळ अर्धा सेंटिमीटर खाली, पोटाच्या वळणातून, यायला हवं. मी अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं. पांढरा अजून नरम आहे. उद्यापर्यंत राहणार नाही कदाचित.

किटलीतले कुंचले काढून बाजूला ठेवले, तिला पुन्हा टेबलावर नेमक्या खुणेवर ठेवलं आणि सुरी घेतली.